मांडवामागची बिअर

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला चुलतभावाचं लग्न होतं. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला, पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी अकोल्यात उतरलो, तर बाहेर ४४ डिग्री. घरात पाय टाकतो न टाकतो तोच धाकट्या भावानं जाहीर केलं, "दादा, पोट्ट्याइची सोय तुयाकडे हाय बरं."

'सोय' म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. रिसेप्शनला समोरच्या लॉनवर स्टेज, फोटो, पनीर, जिलेबी वगैरे सगळं रीतसर चालू असतं. त्याच वेळी मागच्या अंधारात एका गाडीची डिकी उघडी असते. डिकीत थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात बिअर. मित्रमंडळी, जावई, साहेबलोक दोन-दोनच्या गटानं मागे जातात, बडीशेप चघळत परत येतात आणि नवरदेवाला आहेर देतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

तर मंडळी, अस्मादिकांनी ही जबाबदारी चोख पार पाडली. बर्फ कमी पडला नाही, बिअर गरम झाली नाही, कुणी स्टेजवर जाऊन नाचलं नाही. प्रोजेक्ट वेळेत डिलिव्हर!

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाजी ओसरीवर हिशेबाची वही घेऊन बसले होते. मंडप, बँड, आचारी, घोडी... आणि खाली एक ओळ : 'पोट्टे - १८,०००'. मी म्हटलं, "काकाजी, हे आमचे आम्ही दिले असते ना." ते म्हणाले, "असं कसं? पाहुन्याइले पैसे मागतेत का? लोकं नाव ठेवतात बाप्पा." नंतर आईकडून कळलं की लग्नासाठी काकाजींनी व्याजानं पैसे काढले होते. पाच एकर कोरडवाहू कपाशी, त्यावरचं व्याज आणि त्यात आमची चिल्ड बिअर. परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही.

पुण्याला आल्यावर दोन-तीन वीकेंड याच विषयावर वाचत बसलो. आमच्या भागात हा मांडवामागचा प्रकार आला कुठून? वाचता वाचता एक जुनी गोष्ट नव्यानं भेटली.

गाडगेबाबा. अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणजे माझ्या डिग्रीच्या कागदावरही आहे. (फायनल इयरला आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर काय करायचो ते इथे लिहीत नाही.) बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी खंगले आणि १८८४ मध्ये गेले. तेव्हा डेबू आठ वर्षांचा. आई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला आली. तिथे डेबू गुरं राखायला आणि शेती करायला शिकला आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिली.

पुढे डेबूजीचं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटणाचं जेवण आणि दारू देण्याची रीत होती. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. दारू नाही, मटण नाही. लोक चिडले, नावं ठेवली. "लोकं नाव ठेवतात बाप्पा" हे वाक्य तेव्हाही असणारच!

शाळेत ही गोष्ट 'व्यसनमुक्ती' या मथळ्याखाली शिकलो होतो. आता वाचताना वेगळीच बाजू दिसली. बाबांनी पुढे आयुष्यभर कीर्तनांतून दारूविरुद्ध सांगितलं, पण त्याच दमात कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका हेही सांगितलं. त्यांच्या लेखी दारू आणि सावकार हे दोन विषय नव्हतेच. बारशाच्या पंगतीत पेला भरायचा तो यजमानाच्या कर्जातून, आणि पिणारा हात पुसून घरी जायचा.

गंमत म्हणजे तेव्हा सगळा वऱ्हाडच कर्जापायी दुसऱ्याच्या ताब्यात होता. कंपनीच्या देखरेखीखालच्या 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, बाकी थकत गेली. शेवटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला गेला. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या भाडेपट्ट्यानं दिला गेला. फ्लॅट देतात तसा!

इंग्रजांसोबत अबकारी आली. बिअर तेव्हा छावण्यांतल्या गोऱ्या लोकांची. आधी ती जहाजातून यायची आणि लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तीत हॉप्स जास्त घालत. मग १८५० च्या दशकात कसौलीला डायर नावाच्या गृहस्थानं ब्रुअरी काढली. आमच्या खेड्यांत मात्र मोह होता. मार्च-एप्रिलात मेळघाटात पहाटे मोहाची फुलं गळतात. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ती पाण्यात भिजवून ठेवली की काही दिवसांत आंबते. हा झाला सडवा. तो उकळून वाफ थंड केली की दारू. कोरकूंच्या लग्नात, पूजेत तिला मानाची जागा होती आणि ती उघड्यावर, सगळ्यांसमोर होती.

सरकारनं दारू गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क ठेक्यानं द्यायला सुरुवात केली. जी वस्तू घरात तयार व्हायची ती दुकानातून विकत घ्यायची झाली आणि घरात करणारा गुन्हेगार ठरला. मला वाटतं, लपवायला आपण इथूनच शिकलो.

पुढची टाइमलाइन पटकन सांगतो. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारनं दारूबंदीचा कायदा केला आणि निवडक भागांत ती लागू केली. तिकडे मुंबई राज्यात १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण बंदी, अगदी बिअरसकट. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तो कायदा आपल्याकडेही लागू झाला. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली. त्यातला बराच काळ मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या वऱ्हाडातलेच, पुसदचे.

बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार चालतो तो 'दारूबंदी कायद्या'खाली! पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं - एका दिवसाचं, वर्षाचं किंवा आजीवन. 'परमिट रूम' ही पाटी लहानपणापासून वाचतोय, पण हे परमिट म्हणजे माझं परमिट, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. समारंभात दारू द्यायची तर त्या दिवसापुरता परवाना मिळतो, हेही आमच्या डिकीकमिटीत कुणाला ठाऊक नव्हतं. सोर्स कोडमध्ये 'बंद' लिहिलंय, स्क्रीनवर 'चालू' दिसतंय आणि मधे महसूल जमा होतोय. असा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये परत आला असता.

हा बग उघड्यावर बघायचा असेल तर वर्धा नदीवर जा. अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्हा. गांधीजी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून पलीकडे १९७० च्या दशकापासून दारूबंदी, अलीकडे बिअर शॉपी. पाणी एकच. पलीकडची वरात अलीकडे आली की काही वऱ्हाडी मंडपाआधी कुठे पोचतात ते सांगायला नको. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीला १९९३ पासून आहे. बंदी असावी की नसावी यावर मी इथे निकाल देत नाही. गडचिरोलीतल्या ज्या बायांनी बंदीसाठी गावोगाव जिवाचं रान केलं, त्यांना पुण्यात एसीत बसून शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही.

आता दुसरं टोक. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये बिअर बनवतो. माल्टचं पाणी हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं, दोनेक आठवडे आंबू द्यायचं. मग बाटलीत थोडी साखर घालून बूच लावलं की फेस धरतो. एका घाण्यात १९ लिटर. संत्र्याची साल आणि धने घातलेली गव्हाची बिअर ही त्याची स्पेशालिटी. ही मूळची बेल्जियमची जुनी रीत, पण त्याचं म्हणणं, वरुडच्या संत्र्याची साल मिळाली तर बेल्जियमवाले तोंडात बोट घालतील :) अमेरिकेतही हे १९७८ पर्यंत बेकायदा होतं. मग केंद्राचा कायदा बदलला आणि आता दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे.

मलाही हुरूप आला होता. मोहाची फुलं घालून बिअर करायची, नावसुद्धा ठरलं होतं. मग कायदा उघडला. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं हाही गुन्हाच. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली तेव्हापासून ताजी क्राफ्ट बिअर परवान्यानं मिळते आणि आपण मित्रांबरोबर ती चवीनं पितो. आंब्याची, कॉफीची, काय वाट्टेल ती. म्हणजे तेच आंबवणं अमेरिकेत 'हॉबी', पुण्यात 'क्राफ्ट' आणि मेळघाटात 'हातभट्टी'. फरक आंबवण्यात नाही, कागदात आहे. नुसती फुलं बाळगायलासुद्धा वर्षानुवर्षं बंधनं होती, ती महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कुठे सैल केली.

तर मी बिअर सोडली का? नाही. उगाच खोटं कशाला लिहू? आवडते मला. पण गाडगेबाबांचा प्रश्न आता डोक्यातून जात नाही : हा पेला कुणाच्या वहीत लिहिला जातोय? पुण्याच्या पबमध्ये बिल आलं की आपण मोबाईलवर सात भाग करून मोकळे होतो. तीच सात पोरं गावच्या लग्नात डिकीभोवती उभी राहतात तेव्हा कुणालाच बिल आठवत नाही. लपवलेल्या गोष्टीचं बिल मागता येत नाही आणि देताही येत नाही. ते गपचूप यजमानाच्या नावावर चढतं.

दिवाळीला अकोल्याला गेलो तेव्हा आम्ही सातही जणांनी पैसे जमवले होते. काकाजी आधी रागावले, "मी काय मागतले होते का?" मी म्हटलं, "नाही मागितले काकाजी, तेच चुकलं." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आत गेले, वही आणली, चष्मा लावला आणि जमेच्या बाजूला लिहिलं : 'पोट्टे - १८,०००'.

व्याज त्यांचं त्यांनीच भरलं होतं. ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

असो. धाकट्याचं लग्न फेब्रुवारीत आहे. सोय माझ्याकडेच आहे, पण वर्गणी आधी. तूर्तास इतकंच.