‘मनाचे श्लोक’ आणि ‘मन समझावन’ : एक संमिश्र वारसा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान (इ.स. १६०८) होय. त्यांचे ‘मनाचे श्लोक’ मराठी मुलखापुरते मर्यादित राहिले नाहीत. तंजावरास मराठ्यांची सत्ता आली, तेथे रामदासी मठ स्थापन झाले. आणि अठराव्या शतकात त्याच दक्षिणेत शाह तुराब या चिश्ती सूफी कवीने हे श्लोक समोर ठेवून दक्खिनी भाषेत ‘मन समझावन’ रचले. हा केवळ अनुवाद नव्हे. मनाला उपदेश करण्याचा घाट रामदासांचा, विचार मात्र पुष्कळसा सूफी आहे.

वाङ्मयेतिहासात रामदास मराठीच्या खात्यावर आणि तुराब उर्दूच्या खात्यावर नोंदविले जातात. अशा रचनांना ‘संकर’ म्हणण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकास तो शब्द खटकतो, कारण मिसळण्यापूर्वी दोन्ही परंपरा शुद्ध व परस्परांना परक्या होत्या, असे त्यात गृहीत धरलेले असते. छंदाची साक्ष याविरुद्ध आहे. रामदासांच्या भुजंगप्रयातात एक लघु व दोन गुरू असा गण प्रत्येक चरणात चार वेळा येतो. फारसीतील ‘मुतकारिब’ छंदाच्या पूर्ण चरणाची मांडणी नेमकी हीच आहे. ‘शाहनामा’ त्याच छंदात, शेवटचे अक्षर गाळून, रचलेला आहे. दक्खिनी कवींच्या कानांवर ही लय पूर्वीपासूनच होती.