जोडताऱ्यांचे गॅमा किरण: एका निरीक्षणतंत्राची कुळकथा

जोडताऱ्यांकडून येणारे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरांत ते विद्युत्भारित कणांचा वर्षाव घडवतात, आणि हे कण हवेतील प्रकाशापेक्षा अधिक वेगाने धावत असल्यामुळे काही अब्जांश सेकंद टिकणारी मंद निळी चमक उमटते. पावेल चेरेन्कोव्ह यांनी 1934 मध्ये द्रवांतील अशा चमकेचे संशोधन प्रसिद्ध केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. रात्रीच्या आकाशातही ती असावी, असे ब्लॅकेट यांनी 1948 मध्ये दाखवून दिले, आणि 1952 मध्ये गॅलब्रेथ व जेली यांनी इंग्लंडमधील हारवेल येथे चक्क कचऱ्याच्या डब्यात 25 सेंटिमीटर व्यासाचा आरसा आणि क्षीण प्रकाशस्पंद टिपणारी प्रकाशगुणक नलिका बसवून ती प्रत्यक्ष नोंदवली.

या तंत्राची कसोटी जोडताऱ्यांनीच पाहिली. ज्यातील दोन घटक 4.8 तासांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात, त्या ‘सिग्नस एक्स-3’कडून असे किरण आल्याचे दावे 1970 आणि 1980 च्या दशकांत अनेक गटांनी केले, पुढच्या अधिक संवेदनशील उपकरणांना मात्र त्यांचा पडताळा आला नाही. तरीही ते दावे निव्वळ चूक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्यामुळेच अनेक संशोधक या क्षेत्राकडे वळले आणि नवी उपकरणे उभी राहिली. खरी अडचण अशी होती की, वैश्विक किरणांतील प्रोटॉनही असेच वर्षाव घडवतात आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक असते. प्रोटॉनच्या वर्षावाची प्रतिमा पसरट व विस्कळीत, तर गॅमा किरणाच्या वर्षावाची अरुंद आणि उगमाकडे रोखलेली असते, हा भेद मायकेल हिलास यांनी 1985 मध्ये मोजमापात बसवला, आणि त्याच्याच आधारे अमेरिकेतील व्हिपल दुर्बिणीने 1989 मध्ये खेकडा तेजोमेघाचे गॅमा किरण निःसंशय सिद्ध केले.

त्यानंतर जोडताऱ्यांचा प्रश्नही सुटला. नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींनी 2004 मध्ये ‘पीएसआर बी1259-63’ हा स्पंदक, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, सुमारे 3.4 वर्षांच्या कक्षेत आपल्या महाकाय सोबत्याजवळून जात असताना टिपला. ‘एलएस 5039’ या जोडीची साक्ष मात्र याहून निर्णायक ठरते: तिच्या गॅमा किरणांची तीव्रता दर 3.9 दिवसांनी कमी-अधिक होते, कारण सघन सोबती ताऱ्याच्या पलीकडे गेला की त्याच्याकडून येणारे बरेचसे किरण वाटेत ताऱ्याच्या प्रकाशकणांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत रूपांतरित होतात, आणि तो अलीकडे आला की तीव्रता पुन्हा वाढते.