पुस्तकावरचे नाव आणि वऱ्हाडातल्या मुली

किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिणे हे बायकांचे काम, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. घरात गोष्ट आई सांगते, आजी सांगते. शाळेत बाई सांगतात. तेव्हा या साहित्याचे मानसन्मानही बायकांच्याच वाट्याला आले असतील, असे कुणालाही वाटेल. नोंदी मात्र वेगळे सांगतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. २०२५ पर्यंत मराठीत तो १६ जणांना मिळाला. त्यांत स्त्रिया फक्त दोन : माधुरी पुरंदरे (२०१४) आणि संगीता बर्वे (२०२२).

हा प्रश्न मराठीपुरता नाही. अमेरिकेत १९६७ साली सुसान हिंटन या तरुण मुलीची किशोरांवरची कादंबरी निघाली, ती 'एस. ई. हिंटन' या नावाने. मुलीने लिहिलेले पुस्तक समीक्षक बाजूला सारतील, ही भीती. पुढे तीस वर्षांनी, १९९७ साली, जोअन रोलिंग यांनाही प्रकाशकाने आद्याक्षरे वापरायला सांगितली. बाईचे नाव पाहून मुलगे पुस्तक उचलणार नाहीत, हे कारण. मधले नाव नव्हते, म्हणून त्यांनी आजीच्या नावातले अक्षर घेतले आणि 'जे. के. रोलिंग' झाल्या.

आपल्याकडे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, अविवाहित तरुणींच्या मनातले बोलणारे हे पुस्तक 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने आले होते. खऱ्या लेखिका मालतीबाई बेडेकर. वादळ असे उठले की नाव लपवणेच शहाणपणाचे ठरले.

या पार्श्वभूमीवर आमच्या वऱ्हाडाचा इतिहास पाहावा. गीता साने यांचा जन्म १९०७ साली वाशीमला झाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला. १९३६ पासून 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष' अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. लग्न आणि स्त्रीचे स्वातंत्र्य हे त्यांचे विषय. टोपणनाव घेतले नाही. लग्नानंतरही नाव साने हेच ठेवले.

कुसुमावती देशपांडे यांचा जन्म १९०४ साली अमरावतीचा. त्यांचे पती, कवी अनिल, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. कथाकार आणि समीक्षक म्हणून कुसुमावतींनी नाव मिळवले, मराठी कादंबरीचा इतिहास लिहिला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०२५ पर्यंत आणखी पाचच स्त्रिया त्या खुर्चीवर बसल्या.

म्हणजे वऱ्हाडची बाई कर्तृत्वात कुठेच कमी नव्हती. मग किशोरकथेचा नायक मुलगाच का राहिला? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर टांग मारतो आणि संकटात उडी घेतो. तो आम्हालाही आवडतो. पण साहसकथेला घराबाहेर पडणारा नायक लागतो, आणि मुलीला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. शिवाय मुलाची गोष्ट 'सर्वांसाठी' ठरते आणि मुलीची गोष्ट 'मुलींसाठी'. विक्री आणि कीर्ती यांचे गणित इथेच बदलते.

गंमत अशी की खरे साहस गीता सान्यांनी केले होते. त्या डाकूंच्या चंबळ खोऱ्यात हिंडल्या आणि १९६५ साली 'चंबळची दस्युभूमी' लिहिली. पुण्याच्या काल्पनिक मुलाची सायकल घराघरांत पोहोचली. चंबळला गेलेल्या वाशीमच्या खऱ्या बाईचे नाव आमच्या मुलींना कुणी सांगितले?

मुस्लिम समाजाने हा प्रश्न दुसऱ्यांवर ढकलून चालणार नाही. आपले लेखक पुढे आले आहेत. सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला २०१९ साली मराठीचा हाच पुरस्कार मिळाला. अमरावती जिल्ह्यातले मतीन अचलपुरी २०२३ साली उर्दूसाठी निवडले गेले. त्याआधी, २०१५ साली, चंद्रपूरच्या बानो सरताज यांचा उर्दूतच सन्मान झाला होता. विदर्भातली मुस्लिम बाई मुलांसाठी लिहून मान मिळवू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीत मात्र ती जागा अजून रिकामी आहे.

अकोल्याच्या, अमरावतीच्या मोहल्ल्यातली मुलगी सातवी-आठवीत येते, तेव्हाच तिच्या शाळेची आणि लग्नाची चर्चा घरात सुरू होते. त्या वयात तिच्या हाती असे पुस्तक हवे, ज्यात तिच्यासारखी मुलगी स्वतः निर्णय घेते, चुकते, पुन्हा उभी राहते. ते पुस्तक तिच्याच मोहल्ल्यातली एखादी बाजी लिहील. आपण एवढेच करायचे : तिला लिहायला वेळ द्यायचा, छापायला पैसा द्यायचा, आणि मुखपृष्ठावर तिचे नाव पूर्ण छापायचे.