डेलियाचा कंद ऑगस्टमध्येच घरात लावा. हीटर नको, पण ट्यूबलाईट लागेल

पनवेल, उरण पट्ट्यात डेलियाचे कंद बहुतेक जण पाऊस गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुंडीत लावतात. फूट यायला दोन ते चार आठवडे, नंतर फूल धरायला जवळपास तीन महिने. म्हणजे पहिलं फूल दिसेपर्यंत जानेवारी संपतो. फेब्रुवारीच्या अखेरीला ऊन तापायला लागतं आणि झाड मान टाकतं. वर्षभर कंद सांभाळायचा आणि फुलं मिळणार जेमतेम महिनाभर! हाच कंद ऑगस्टच्या मध्यावर घरात किंवा पडवीत अंकुरवला तर पाच-सहा आठवडे हाताशी येतात आणि डिसेंबरात कळ्या दिसतात.

मोबाईलवर याचे भरपूर व्हिडिओ आहेत, पण बरेचसे युरोप-अमेरिकेतले. तिकडे बाहेर बर्फ असतो, म्हणून कंदाच्या ट्रेखाली गरम होणारी चटई घालतात. कंद फुटायला साधारण 18 ते 21 अंश तापमान पुरतं. नवी मुंबईत ऑगस्टमध्ये खोलीचं तापमान त्याहून जास्तच असतं. त्यामुळे चटई, हीटर यावर एक रुपयाही घालू नये. उलट जास्त ऊब आणि ओल एकत्र आली की कंद सडतो. इथला खरा शत्रू थंडी नाही, पाणी आहे. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात उघड्यावरचा कंद टिकत नाही. घरात लावायचं ते पावसापासून वाचवायला.

कंद बघून घ्या

बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला तसे नसतात. जुन्या खोडाला कंद जिथे चिकटतो त्या मानेजवळच डोळा असतो. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्याला फूट येत नाही. रोपवाटिकेतून घेताना हे आधी पाहावं. सुटे, गुळगुळीत कंद स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. दाबल्यावर मऊ लागणारा किंवा आंबट वास येणारा कंदही बाजूला ठेवावा.

खाली भोकं असलेला ट्रे किंवा जुनं प्लास्टिकचं क्रेट घ्यायचं. त्यात कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल ठेवावी. कंद आडवा ठेवून मान उघडी राहील इतपतच झाकावा. मग फूट येईपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. वरचा थर कोरडा पडला तर नुसता फवारा मारायचा. इथेच सगळ्यात जास्त कंद वाया जातात, कारण रोज थोडं पाणी घातल्याशिवाय राहवत नाही.

दिव्याचं काम कधी?

डोळा फुटेपर्यंत उजेड लागतच नाही. हिरवा कोंब दिसला की मात्र लगेच लागतो. पावसाळी ढगांमुळे खिडकीतला उजेड कमी पडतो आणि कोंब लांबट, पांढुरके होऊन आडवे पडतात. त्यासाठी जांभळा उजेड पाडणारा महागडा ग्रो लाईट हवाच असं नाही. 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांपासून सहा ते आठ इंचांवर टांगली तरी भागतं. सकाळी सहा ते रात्री आठ, असे 14 तास ती चालू ठेवायची. महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज जाते. वायर, बोर्ड मात्र फवाऱ्यापासून लांबच.

या दिव्याचा आणखी एक फायदा आहे. दिवस 12 तासांपेक्षा लहान झाला की डेलिया वाढ सोडून कंद भरण्याकडे वळतो. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दिवस 12 तासांच्या आत येतो, म्हणून उशिरा लावलेली झाडं खुजी राहतात. आधीच वाढलेलं रोप असेल तर ही अडचण तेवढी जाणवत नाही.

एका कंदावरून जास्त रोपं हवी असतील तर कोंब तीन इंचांचे झाले की बुडाशी कापून ओल्या वाळूत खोचावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या वाढतात.

पाऊस ओसरल्यावर रोपं एकदम उन्हात नेऊ नयेत. आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन दाखवून मग बारा इंची कुंडीत लावावीत. खाडीकाठच्या खारजमिनीत डेलिया चालत नाही, तिथे कुंडीच बरी. कुंडीत बांबूची काठी रोप लावतानाच रोवावी. नंतर रोवली तर नेमकी कंदात घुसते.

विक्रीचा विचार असेल तर एक लक्षात घ्यावं. कापलेलं फूल चार-पाच दिवसांच्या वर टिकत नाही, हाराला तर चालतच नाही. त्यापेक्षा कळीवर आलेली कुंडी शहरातल्या बाल्कनीवाल्यांना देणं सोपं.

मार्चमध्ये पानं पिवळी पडली की पाणी तोडावं, खोड चार बोटं ठेवून कापावं आणि कंद उकरून सावलीत सुकवावेत. मग ते कोरड्या वाळूत, वारा लागेल अशा जागी ठेवायचे. जूनची दमट हवा सुरू झाली की पंधरवड्याने एकदा उकरून बघावं आणि सडका कंद काढून टाकावा. रंगाचं नाव प्रत्येक खोडाला चिठ्ठी बांधून लिहून ठेवायला हवं. सुकल्यावर सगळे कंद रताळ्यासारखे एकसारखेच दिसतात.