केडगाव, सन 1900

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीतून तुम्ही केडगावला उतरता. गुजरातेत छप्पनिया दुष्काळानं गावंच्या गावं उठवली आहेत. तिकडून आणलेल्या मुलींचा जथा तुमच्याबरोबर उतरतो. एकीनं तुमचं बोट धरलंय. हातापायांच्या काड्या, पोट खपाटीला गेलेलं.

मुक्ती सदन या आश्रमात तिला आधी पातळ कांजी मिळते. उपाशी आतड्याला एकदम जड अन्न सोसत नाही. पांढऱ्या लुगड्यातल्या पंडिता रमाबाई तिच्यापुढे वाकतात, कान जवळ नेतात. बाईंना कमी ऐकू येतं. इंग्लंडात डॉक्टर व्हायचं राहून गेलं ते त्यामुळेच. त्या मुलीचं नाव विचारतात आणि नीट कळेपर्यंत पुन्हा विचारतात.

जीव वाचला, काम झालं, असं तुम्हाला वाटतं. बाईंना तसं वाटत नाही. त्या तुम्हाला मागं नेतात: मागावर सूत चढलंय, तेलाचा घाणा फिरतोय, शेतात बाया राबताहेत. नवी मुलगी बरी झाली की शाळेबरोबर यातलं एखादं काम शिकेल.

यामागे बाईंची स्वतःची उपासमार आहे. 1874 पासूनच्या दुष्काळी वर्षांत मद्रास इलाख्यात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. घरात संस्कृत मुखोद्गत होतं, पण पोटापुरतं मिळवून देईल असं काम कुणाच्याच हाताला माहीत नव्हतं. मजुरीला अभिमान आड आला. झाडपाला खायची वेळ आली.

1883 मध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या. मुलींना त्या बायबल शिकवतात. त्यांच्या आधीच्या शारदा सदन या शाळेतल्या धर्मशिक्षणावरून पुणं पेटलं होतं. उपकाराखाली दबलेल्या मुलीला नकार द्यायची मोकळीक किती, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या न्यायदिवसाच्या दाखल्यात राजा भुकेल्याला खायला दिलंत का यावरही न्याय करतो, आणि त्या कसोटीला बाईंनी आयुष्य लावलंय.

संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही परत आपल्या काळात याल. दान देऊन मोकळं होण्याची आपली सवय इथं अपुरी ठरते. ज्याला घास दिला तो उद्या स्वतःचा घास कमावू शकेल का, ही काळजीही देणाऱ्यानंच वाहायची असते.