सुईण, बाई आणि सटवाई

पाटण खोऱ्याचा इतिहास म्हटला की कोयना धरण येतं, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप येतो. माझ्या आजीच्या इतिहासात या दोन्हींच्या आधी नर्सबाई यायची, आणि तीही परड्यातून. सोप्यात पुरुष बसलेले असत अन् बाळंतिणीची अंधारी खोली मागच्या अंगाला.

कागदावर ही गोष्ट 1946 च्या भोर समितीपासून सुरू होते. गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रं हवीत, असं तिनं सांगितलं. 2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास योजना आली आणि मग हळूहळू ही केंद्रं. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आठवायचा तो बाईंचा ॲल्युमिनियमचा डबा, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न, “कुणाची गं ती?” बाई ख्रिस्ती होत्या, मिरजेत शिकलेल्या. वानलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथं दवाखाना काढल्यापासून आमच्याकडं नर्स म्हणजे मिरजेची, असं लोक धरूनच चालत. तरी पहिल्या वर्षी बाईंचा चहा कानतुटक्या कपात, आणि तो कप परड्यातच ठेवलेला. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची. मला ते बरं वाटायचं. निदान लपवायची नाही.

बाळंतपण सुईण करायची. नाळ विळ्यानं कापायची, वर राख. आठवड्याभरात मूल अंग ताठ करी, दूध तोडी, जाई. तो धनुर्वात, पण घरातले म्हणत, सटवाई रुसली. कितीक घरांत असं एखादं मूल होतं, ज्याला नावसुद्धा मिळालं नाही.

बाईंची हुशारी मला इथं दिसते. सटवाईशी त्यांनी वाद घातलाच नाही. “पाचवीला विळा खुशाल पुजा,” त्या म्हणायच्या, “नाळेला मात्र उकळलेलं ब्लेड.” सुईणीलाही त्यांनी हाकललं नाही. तिला शेजारी बसवलं, नखं काढायला लावली, साबण दिला. सरकारनं पुढं दायांना रीतसर शिकवलं, पण आमच्या वाडीतली शाळा चुलीपुढं भरली. म्हातारी आधी फणकारायची, “माझ्या हातानं अर्धं गाव जन्मलंय!” बाई म्हणायच्या, “म्हणून तर तुमचे हात धुवायचे, मावशी.”

भूकंपानं आमच्याकडची मातीची घरं पडली. शेकडो संसार उघड्यावर आले. त्याच आठवड्यात खळ्यावर, घोंगड्यांच्या आडोशाला, एक चुलती बाळंत झाली. बाई धापा टाकत पोचल्या तर सुईण म्हणाली, “पाणी उकाळलंय, बिलेड त्यातच हाय. हात धुवा आदी.”

त्यानंतर चहा पितळीत मिळाला, असं आजी म्हणे. ते बाळंतपण मात्र कुणी केलं, यावरून तिचं आणि धाकट्या चुलत आजीचं कधीच जमलं नाही. आजी सुईणीच्या बाजूची.