कार्टपासून ल मान्सपर्यंत : होसे मारिया लोपेझ

मोटार शर्यती म्हटल्या की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती फॉर्म्युला वन. शुमाकर, अलोन्सो, हॅमिल्टन ही नावे या खेळाशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असतात. मात्र या झगमगाटाबाहेरही मोटार शर्यतींचे मोठे विश्व आहे आणि त्यात असामान्य कर्तृत्व गाजवणाऱ्या अनेकांची नावे आपल्या कानांवर क्वचितच येतात. अर्जेंटिनाचा होसे मारिया लोपेझ हा त्यांपैकीच एक. फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यापर्यंत तो दोनदा पोहोचला आणि दोन्ही वेळा तेथूनच माघारी फिरला. तरीही टूरिंग कार शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद त्याने तीनदा, दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे दोनदा आणि ल मान्सची विख्यात २४ तासांची शर्यत एकदा जिंकली. एकट्याने वेगाने धावायला शिकलेल्या मुलाला सर्वांत मोठे यश मिळाले ते गाडी दुसऱ्यांच्या हाती सोपवण्याच्या खेळात.

फँजिओच्या देशात

लोपेझचा जन्म २६ एप्रिल १९८३ रोजी कोर्दोबा प्रांतातील रिओ तेर्सेरो या औद्योगिक गावात झाला. चाहते त्याला ‘पेचितो’ या टोपणनावाने ओळखतात. फुटबॉलवेड्या अर्जेंटिनात मोटार शर्यतींनाही मानाचे स्थान आहे. ‘तुरिस्मो कारेतेरा’ ही तेथील शर्यत मालिका १९३७ पासून सुरू आहे. आरंभीच्या काळात तिच्या शर्यती धुळीच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालत. याच शाळेत तयार झालेल्या हुआन मॅन्युएल फँजिओने पुढे १९५१ आणि १९५४ ते १९५७ असे पाच वेळा फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. त्याचा देशबांधव होसे फ्रोयलान गोन्सालेस याने १९५४ मध्ये फ्रान्सच्या मोरिस त्रँतिन्यँच्या साथीने फेरारी चालवत ल मान्स जिंकली. पुढच्या पिढीतील कार्लोस रॉयटेमानचे फॉर्म्युला वनचे विजेतेपद १९८१ मध्ये अवघ्या एका गुणाने हुकले.

लोपेझ मोठा होत होता तेव्हा मात्र हे वैभव ओसरले होते. ब्युनोस आयर्समधील फॉर्म्युला वनची अखेरची शर्यत १९९८ मध्ये झाली. २००१ मध्ये गास्तोन मासाकाने बाहेर पडल्यावर २०२४ मध्ये फ्रँको कोलापिंतो येईपर्यंत, म्हणजे तब्बल २३ वर्षे, एकही अर्जेंटिनी चालक फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. लोपेझची उमेदीची सारी वर्षे याच पोकळीत गेली.

चार चाकांची प्राथमिक शाळा

आजच्या बहुतेक व्यावसायिक चालकांप्रमाणे लोपेझचीही सुरुवात कार्टिंगने झाली. कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांची चौकट, चार लहान चाके, एक छोटे इंजिन आणि जमिनीला जवळजवळ टेकलेले आसन. तिला सस्पेन्शन नसते. वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. त्यामुळे वळण घेताना चौकट किंचित पिळवटते, मागचे आतले चाक क्षणभर उचलले जाते आणि मगच कार्ट वळते. रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट पाठीला जाणवतो. ब्रेक केव्हा दाबायचा, रबराची पकड कोणत्या क्षणी सुटते, पुढच्या गाडीच्या कोणत्या बाजूने घुसायचे, हे सारे मुलाला या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या वाहनात अंगवळणी पडते. पण कार्टमध्ये एकच आसन असते. चूक आपली, विजयही आपला, ही या शाळेची पहिली शिकवण.

अर्जेंटिनातील गुणी मुलापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या जवळपास सगळ्या पायऱ्या युरोपात आहेत. ब्युनोस आयर्स ते पॅरिस हे अंतर सुमारे ११ हजार किलोमीटर. इटालियन किंवा ब्रिटिश मुलगा शर्यत संपवून रात्री घरी जेवायला जातो. अर्जेंटिनी मुलाला मात्र घर, भाषा आणि बहुधा कुटुंबाची पुंजीही पणाला लावावी लागते. लोपेझने हा मार्ग पत्करला आणि त्यावरून तो झपाट्याने पुढे गेला. २००२ मध्ये त्याने इटलीतील फॉर्म्युला रेनॉ २००० स्पर्धा जिंकली, तर २००३ मध्ये फॉर्म्युला रेनॉ व्ही ६ युरोकप. रेनॉ कंपनीने आपल्या युवा चालक योजनेत त्याची निवड केली. २००४ मध्ये फॉर्म्युला ३०००, पाठोपाठ २००५ व २००६ मध्ये जीपी टू असे टप्पे त्याने पार केले. २००६ मध्ये तो रेनॉच्या फॉर्म्युला वन संघाचा चाचणी चालक होता. त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा जगज्जेता झाला.

दार आता केवळ ढकलायचे बाकी होते. पण जीपी टूमध्ये लोपेझला पहिल्या फळीतील निकाल देता आले नाहीत. २००७ साठी रेनॉमध्ये जागा रिकामी झाली ती मिळाली त्याच योजनेतील फिनलंडच्या हायकी कोव्हालायनेनला. लोपेझ वयाच्या चोविसाव्या वर्षी मायदेशी परतला.

हुकलेला दुसरा योग

युरोपातून परतलेल्या चालकाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी सगळीकडे सारखीच असते. हा तिथे जमला नाही म्हणून इथे आला, असे मानले जाते. लोपेझने त्याला शर्यतींतूनच उत्तर दिले. टीसी २००० या अर्जेंटिनातील प्रतिष्ठेच्या टूरिंग कार मालिकेत त्याने २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे होंडाच्या गाडीतून मिळवली. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारीचीच शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती. या शर्यतींत गाड्या एकमेकींना घासतात, ढकलतात. फॉर्म्युला गाडीची नाजूक चाके आणि पंख यांना जपण्याची सवय झालेल्या चालकाला हे तंत्र नव्याने आत्मसात करावे लागते.

याच यशामुळे २०१० च्या आरंभी नशीब पुन्हा पालटल्यासारखे वाटले. फॉर्म्युला वनमध्ये त्या वर्षी नव्या संघांना प्रवेश मिळणार होता. अमेरिकेतील यूएस एफ वन या संघाने जानेवारीत लोपेझशी करार केल्याचे जाहीर केले. करार झाला, पण गाडी तयार झाली नाही. मार्चच्या मध्यावर बहारीनमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा हा संघ अस्तित्वातही उरला नव्हता. आपल्याकडच्या वाचकांना तो हंगाम दुसऱ्या कारणाने आठवत असेल. हिस्पानिया हा असाच एक धडपडणारा नवा संघ कसाबसा बहारीनला पोहोचला आणि त्याच्या जवळजवळ न चाचपलेल्या गाडीतून भारताच्या करुण चंधोकने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. एका नव्या संघाची गाडी पोहोचली, दुसऱ्याची पोहोचली नाही. दोन चालकांच्या आयुष्यांत तेवढ्यानेच केवढे अंतर पडले!

लोपेझ पुन्हा देशांतर्गत शर्यतींकडे वळला आणि २०१२ मध्ये फोर्डच्या गाडीतून सुपर टीसी २००० चा विजेता ठरला. वय तिशीकडे झुकले होते. जगाच्या दृष्टीने त्याची कहाणी तेथेच संपायला हरकत नव्हती.

एका शर्यतीने उघडलेले दार

ऑगस्ट २०१३ मध्ये जागतिक टूरिंग कार अजिंक्यपदाची फेरी अर्जेंटिनातील तेर्मास दे रिओ ओन्दो येथे आली. लोपेझ तेथे पाहुणा चालक म्हणून एका छोट्या खासगी संघाच्या बीएमडब्ल्यूतून उतरला आणि दिवसातील दुसरी शर्यत त्याने चक्क जिंकली. सित्रोएन कंपनी तेव्हा या मालिकेत प्रवेशाची तयारी करत होती. नऊ वेळचा रॅली जगज्जेता सेबास्तियन लोब आणि चार वेळचा टूरिंग कार जगज्जेता इव्हान म्युलर असे दोन नामांकित फ्रेंच चालक तिच्याकडे आधीच होते. त्यांच्या जोडीला लोपेझ आला तो साहजिकच तिसरे नाव म्हणून.

घडले ते उलटेच. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे लोपेझ जगज्जेता झाला आणि तिन्ही वर्षी म्युलरला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. फँजिओच्या १९५७ मधील विजेतेपदानंतर सर्किटवरील शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद अर्जेंटिनाकडे प्रथमच आले होते. सित्रोएनने २०१६ अखेर माघार घेतली आणि लोपेझ विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेकडे वळला. त्याच सुमारास त्याला टोयोटाच्या दीर्घ पल्ल्याच्या संघाचे बोलावणे आले.

चोवीस तास, तीन चालक

ल मान्सचे सर्किट १३.६२६ किलोमीटरचे असून त्याचा बराचसा भाग एरवी सार्वजनिक वाहतुकीचा रस्ता आहे. शर्यत शनिवारी दुपारी सुरू होते आणि रविवारी दुपारी संपते. प्रत्येक गाडीचे तीन चालक आळीपाळीने ती चालवतात. कोणालाही एकूण १४ तासांपेक्षा अधिक किंवा कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा अधिक काळ चालवण्याची मुभा नसते. आसनाची बैठक, ब्रेकचा ताण, गाडीची जुळणी या सर्वांत तिघांना तडजोड करावी लागते. रात्रीच्या अंधारात ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावताना आपल्यापेक्षा संथ वर्गातील डझनावारी गाड्या ओलांडाव्या लागतात. एकाने गाडी धडकवली तर तिघांची शर्यत संपते आणि एकाने कमावलेली आघाडी दुसऱ्याच्या पाळीत वाहून जाऊ शकते. कार्टमधल्या एका आसनाच्या नेमके विरुद्ध टोक ते हे.

लोपेझची येथील सुरुवात कटू होती. एप्रिल २०१७ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या पहिल्याच शर्यतीत त्याची गाडी धडकली, मणक्याला इजा झाली आणि पुढच्या शर्यतीला मुकावे लागले. त्यानंतर ब्रिटनचा माइक कॉनवे, जपानचा कामुई कोबायाशी आणि लोपेझ हे ७ क्रमांकाच्या टोयोटाचे त्रिकूट स्थिरावले. वेग त्यांच्याकडे होता, परंतु ल मान्स हाती लागत नव्हती.

१६ जून २०१९ चा दिवस त्यांच्या चाहत्यांना विसरता येणार नाही. शर्यतीचा शेवटचा तास सुरू होण्याच्या सुमारास ७ क्रमांकाची गाडी एका मिनिटाहून अधिक आघाडीवर होती आणि चालकाच्या जागी लोपेझ होता. टायरमधील हवा कमी होत असल्याचा इशारा आला. तो पिटमध्ये आला, सेन्सरने दाखवलेले चाक बदलले गेले आणि तो पुन्हा बाहेर पडला. पण सेन्सरने दाखवलेले चाक सुस्थितीत होते. पंक्चर झाले होते ते दुसरेच. लंगडणारी गाडी त्याने सबंध फेरी हळूहळू चालवत परत आणली, तोवर ८ क्रमांकाची टोयोटा पुढे निघून गेली होती. तिच्या तीन चालकांपैकी एक होता फर्नांडो अलोन्सो. दोन्ही गाड्यांनी ३८५ फेऱ्या, म्हणजे ५,२०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि शेवटी त्यांच्यात फरक उरला तो १७ सेकंदांचा.

२०२० मध्येही आघाडीवर असतानाच रात्री गाडीत बिघाड झाला आणि तिसऱ्या क्रमांकावर भागवावे लागले. त्याच वर्षी या तिघांनी २०१९-२० चे जागतिक अजिंक्यपद जिंकले, तरी ल मान्सची उणीव राहिलीच. ती भरून निघाली २२ ऑगस्ट २०२१ रोजी. हायपरकार या नव्या वर्गाच्या पहिल्याच ल मान्समध्ये ७ क्रमांकाच्या गाडीने ३७१ फेऱ्या पूर्ण करून विजय मिळवला. अंतिम रेषा ओलांडली ती कोबायाशीने. लोपेझ तेव्हा पिटमध्ये उभा होता. गोन्सालेसनंतर ६७ वर्षांनी ल मान्सच्या विजेत्यांत अर्जेंटिनी नाव लिहिले गेले. त्या हंगामाचे अजिंक्यपदही याच त्रिकुटाने राखले.

२०२४ च्या हंगामासाठी टोयोटाने त्याच्या जागी नेदरलँड्सच्या निक डी व्ह्रीसला घेतले आणि लोपेझ जीटी वर्गातील लेक्ससकडे गेला. पण ल मान्सच्या तोंडावर कॉनवे सायकलवरून पडून जायबंदी झाला आणि लोपेझला जुन्या गाडीत परत बोलावण्यात आले. हायपरकार वर्गातील अगदी शेवटच्या, २३ व्या स्थानावरून निघालेली ती गाडी पावसाने गाजलेल्या शर्यतीत दुसरी आली. विजेत्या फेरारीपासून ती १४ सेकंद मागे होती. अखेरच्या टप्प्यात ओल्या रस्त्यावर लोपेझच्या हातून गाडी एकदा गरगरली होती आणि तेवढ्यात गेलेल्या सेकंदांचा हिशेब त्याच्याइतका दुसऱ्या कोणी मांडला नसेल.

फॉर्म्युला वन हुकली म्हणून लोपेझची कारकीर्द अपुरी मानावी काय? ज्या अलोन्सोच्या संघात तो २००६ मध्ये केवळ चाचणी चालक होता, त्याच अलोन्सोशी तेरा वर्षांनी तो बरोबरीने झुंजला. तो हरला तो चुकीच्या चाकाकडे बोट दाखवणाऱ्या एका सेन्सरमुळे. त्या हारीचा दोष त्याने कोणावर ढकलला असता तर सहकाऱ्यांसोबतचा प्रवास तेथेच संपला असता. तो संपला नाही, म्हणून २०२१ उजाडले.